सांगली-मिरजेत कॅप आणि ब्रिज: पैसे नेमके कशाचे मोजता?

सांगली-मिरज रस्त्यानं विश्रामबागकडून मिरजेकडं निघालं की दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या दोन्ही बाजूंना लागतच राहतात. जत, आटपाडी, कवठेमहांकाळहून आणि पार सीमेपलीकडच्या अथणीकडूनही लोक इथं दातांसाठी येतात. आल्या आल्या पहिला प्रश्न ठरलेला: कॅप केवढ्याला पडेल? उत्तर येतं ते साहित्याच्या भाषेत. मेटल सिरॅमिक (आत धातू, वर सिरॅमिक) एवढ्याला, झिरकोनिया (धातूशिवायचं मजबूत पांढरं सिरॅमिक) तेवढ्याला, आणि वर वॉरंटीचं कार्ड.

पण कॅपचं काम वाया जातं तेव्हा कॅप तुटलेली असतेच असं नाही. बहुतेक वेळा आतला दात कडेनं किडलेला असतो, सिमेंट सुटलेलं असतं, हिरडी सुजून मागं सरकलेली असते किंवा रूट कॅनॉल केलेला दातच हिरडीपाशी मोडलेला असतो. म्हणून इथल्या कॅप आणि ब्रिजच्या (ब्रिज म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेला पक्का खोटा दात) सेवेचा हा आढावा घेताना दरपत्रकाला आम्ही मागं ठेवलं आहे. दात कसा घासला, माप कसं घेतलं आणि पक्कं चिकटवण्याआधी किती तपासलं, या तीन गोष्टींना सगळ्यात जास्त वजन दिलं आहे.

कुठं काय मिळतं

पर्याय ढोबळ मानानं तीन. पहिला दंत महाविद्यालयांचा. वानलेसवाडीला भारती विद्यापीठाचं आणि कवलापूरला वसंतदादा पाटलांच्या नावाचं महाविद्यालय आहे. सातारा-कराडकडच्यांना मलकापूरचं कृष्णा जवळ पडतं. इथं प्रोस्थोडॉन्टिक्स, म्हणजे कॅप-ब्रिज-कवळीच्या, विभागात काम करतात ते विद्यार्थी किंवा एमडीएस करणारे डॉक्टर, पण दात घासून झाला, माप झालं, ट्रायल झाली की दर टप्प्यावर शिक्षक बघतात. चूक असेल तर परत करायला लावतात. खर्च खासगी दवाखान्यापेक्षा कमी. किंमत मोजावी लागते ती वेळेची. एका खेपेला अर्धा दिवस धरून चाला, आणि मध्ये परीक्षा किंवा सुट्ट्या आल्या की पुढची तारीख लांबते. शहरात राहणाऱ्याला हा सौदा फायद्याचा आहे. आटपाडीहून एसटीनं येणाऱ्यानं मात्र खेपांचा हिशेब आधी विचारून घ्यावा.

दुसरा पर्याय गल्लीतल्या, एकाच डॉक्टरच्या दवाखान्याचा. इथं दर्जात जमीन-अस्मानाचा फरक सापडतो आणि पाटीवरून तो कळत नाही. तिसरा म्हणजे जिथं प्रोस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे बीडीएसनंतर ३ वर्षं याच विषयात एमडीएस केलेला डॉक्टर, स्वतः काम करतो. एका दाढेच्या साध्या कॅपसाठी त्याच्याकडंच गेलं पाहिजे असं नाही. चार दातांपेक्षा मोठा ब्रिज, पुढचे पटाशीचे दात, कललेल्या दाढा, किंवा दात झिजून चावाच खाली बसलेला असेल, तर मात्र दुसरीकडं जाऊ नये.

दात घासताना

कॅप बसायला जागा लागते आणि ती दात घासूनच करावी लागते. मेटल सिरॅमिकसाठी चावायच्या पृष्ठावर सुमारे २ मि.मी. आणि दर्शनी बाजूला १.२ ते १.५ मि.मी. जागा हवी, कारण आत धातू, त्यावर धातूचा रंग झाकणारा थर आणि त्यावर सिरॅमिक असे थर बसवायचे असतात. एकसंध झिरकोनियाला वरून १ ते १.५ मि.मी. पुरतात. पूर्ण धातूच्या कॅपलाही साधारण तेवढेच; कडेला तर अर्धा मि.मी.सुद्धा चालतो. घासलेलं इनॅमल पुन्हा येत नाही. त्यामुळं चांगल्या दातावर नुसतं शोभेसाठी कॅप घालायला सांगणाऱ्या दवाखान्याला आम्ही सरळ नापास करतो.

जागा कमी ठेवली तर लॅबवाला दोनपैकी एक करतो: कॅप फुगवतो, मग ती हिरडीला टोचते; किंवा सिरॅमिक पातळ लावतो, मग त्याचे टवके उडतात. जास्त घासलं तर दात बुटका आणि निमुळता होतो आणि कॅप निसटू लागते. दाढेची उंची घासून झाल्यावर निदान ४ मि.मी. उरायला हवी, बाकीच्या दातांची ३. समोरासमोरच्या भिंती जवळजवळ समांतर, किंचित निमुळत्या. वारंवार निघणाऱ्या कॅपचं कारण बहुधा इथं असतं. प्रत्येक वेळी "सिमेंट बदलून बघू" म्हणणारा डॉक्टर मूळ दुखण्याला हातच घालत नाही.

रूट कॅनॉल झालेल्या दातात आणखी एक मुद्दा. हिरडीच्या वर दाताची स्वतःची भिंत चहूबाजूंनी निदान १.५ ते २ मि.मी. शिल्लक पाहिजे आणि कॅपनं तिला कवळलं पाहिजे. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव जे काम करते तेच काम ही पकड करते: लाकूड, म्हणजे दात, फाकत नाही. भिंत उरलीच नसेल तर नुसती पोस्ट (मुळात बसवायची दांडी) ठोकून वर कॅप घातलेला दात मुळाशी चिरतो. अशा वेळी हिरडी थोडी खाली घेऊन दाताची उंची मिळवता येते का हे बघतात; नाहीतर दात काढण्याचा सल्ला प्रामाणिक असतो. तो ऐकून लोक डॉक्टर बदलतात, हे वेगळं.

सगळ्या रूट कॅनॉलला कॅप लागतेच असंही नाही. दाढा-उपदाढांना जवळपास नेहमी लागते, कारण चावण्याचा जोर दाताला उभा चिरतो. पटाशीच्या दाताला फक्त मागून छोटं भोक पाडून रूट कॅनॉल झालं असेल आणि बाकी दात शाबूत असेल, तर तिथं साधं फिलिंग पुरतं.

माप: इथंच कळतं

दवाखान्याचा दर्जा बघायचा असेल तर माप घेताना बघा. हिरडीच्या आत जाणारी कड लॅबला स्पष्ट दिसावी म्हणून दात आणि हिरडीच्या मध्ये बारीक दोरा घालून काही मिनिटं ठेवतात. रक्त थांबतं, हिरडी जरा बाजूला होते. मग सिलिकॉनच्या घट्ट आणि पातळ अशा दोन मटेरियलनी माप घेतात. काही ठिकाणी अजूनही कवळीसाठी वापरतात तेच अल्जिनेट कॅपच्या मापालाही वापरतात. अल्जिनेट स्वस्त आहे, समोरच्या जबड्याच्या मापाला ठीकच. पण त्यातलं पाणी उडतं, माप आकसतं, आणि दहा-पंधरा मिनिटांत त्यात प्लास्टर ओतलं नाही तर कामातून गेलं. ते कुरियरनं दुसऱ्या गावच्या लॅबला पाठवणं म्हणजे कॅप सैल येणार हे आधीच ठरवून टाकणं.

एक बारीक खूण सांगतो. घट्ट सिलिकॉन हातानं मळताना डॉक्टर किंवा सहायक रबरी लॅटेक्सचे हातमोजे काढून ठेवतो का बघा. लॅटेक्समधल्या गंधकामुळं हे सिलिकॉन नीट घट्ट होत नाही. ज्याला हे माहीत आहे त्यानं कामाकडं लक्ष दिलेलं असतं.

डिजिटल स्कॅनर असलेले दवाखाने त्याची जाहिरात जोरात करतात. उलटी येणाऱ्या पेशंटला स्कॅनर वरदान आहे आणि एक-दोन दातांच्या कामाला तो उत्तम. पण स्कॅनर हा कॅमेरा आहे. कड हिरडीखाली रक्तात बुडालेली असेल तर त्यालाही ती दिसत नाही. दोरा तिथंही लागतो. दोरा न घालता दोन मिनिटांत "स्कॅन झालं" म्हणाले तर खूश होऊ नका.

कॅप येईपर्यंत तात्पुरती प्लास्टिकची कॅप घालायलाच हवी. जिवंत दात घासल्यावर तो उघडा ठेवला तर गार पाण्यानं कळ येते आणि आठ-दहा दिवसांत शेजारचे दात सरकून तयार कॅप बसेनाशी होते. तात्पुरत्या सिमेंटमध्ये लवंग तेलाचं युजेनॉल असेल तर नंतरचं रेझिन (प्लास्टिकच्या जातीचं) सिमेंट नीट धरत नाही, म्हणून पुढं रेझिन वापरायचं असेल तर युजेनॉल नसलेलं सिमेंट घेतात. त्या दिवसांत चिक्की, बेदाणे त्या बाजूनं खाऊ नयेत.

रंग दात घासण्याआधी बघावा, दिवसाच्या उजेडात, लिपस्टिक पुसून. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात वाळून खरे आहेत त्याहून पांढरे दिसतात.

ट्रायल आणि बसवणी

मेटल सिरॅमिकमध्ये आधी नुसत्या धातूची ट्रायल, मग सिरॅमिकची चकाकी चढवण्याआधी एक, अशा दोन खेपा असतात. या टाळणारे दवाखाने "एका खेपेत काम" म्हणून मिरवतात. एका सुट्या कॅपला एखादी खेप वाचवली तर चालेल, ब्रिजला चालणार नाही.

ट्रायलच्या वेळी काय बघायचं? टोकदार प्रोब कडेवरून फिरवला तर अडकता कामा नये; १२० मायक्रॉनपर्यंतची (०.१२ मि.मी.) फट चालवून घेतात, त्याहून मोठी फट म्हणजे किडीला उघडं दार. शेजारच्या दातात फ्लॉसचा दोरा टक्क करून जायला हवा. सहज सरकला तर जेवणातलं कोथिंबिरीचं पान, मटणाची शीर रोज तिथं अडकणार. आणि चावा: रंगीत कागद चावून उंच जागा काढतात. भूल उतरलेली नसेल तर पेशंटला चावा नीट कळत नाही, म्हणून भुलेत बसवलेल्या कॅपसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणारा डॉक्टर चांगला. उंच राहिलेली कॅप दोन-चार दिवसांत दात ठणकवते आणि लोक समजतात रूट कॅनॉल फसलं.

झिरकोनियाची उंच जागा घासल्यावर तिथं पुन्हा पॉलिश झालंच पाहिजे. गुळगुळीत झिरकोनिया समोरच्या दाताला फारसा झिजवत नाही. खरखरीत मात्र कानशीसारखा घासतो. आमच्या मते इथल्या झिरकोनिया कामातली सगळ्यात जास्त दुर्लक्षित पायरी हीच.

सिमेंटचं थोडक्यात. उंची-पकड चांगली असेल तर ग्लास आयोनोमर हे साधं सिमेंट पुरतं. काचेच्या जातीच्या लिथियम डायसिलिकेटला आतून ॲसिड, मग सायलेन (सिमेंट धरायला लावायचं द्रव) आणि रेझिन सिमेंट. झिरकोनियाला ॲसिड लागतच नाही. त्याला ५० मायक्रॉन ॲल्युमिनाचा फवारा आणि एमडीपी हे चिकटवणारं रसायन असलेला प्रायमर लागतो. कुठलंही असो, हिरडीत अडकलेलं जादा सिमेंट न काढल्यास हिरडी महिनोन्‌महिने रक्ताळत राहते. पेशंटनं पहिले २४ तास त्या बाजूनं कडक काही चावू नये.

साहित्याबद्दल आमचं मत

मेटल सिरॅमिक अजून उपयोगाचं आहे, विशेषतः दाढांना. धातू कोणता हे विचारा. निकेल-क्रोम स्वस्त पडतं, पण खोट्या दागिन्यांनी कान चिघळणाऱ्या बायकांना निकेल सोसत नाही. त्यांना कोबाल्ट-क्रोम किंवा झिरकोनिया. हिरडी सरकली की कडेला करडी-काळी रेघ दिसते, हा त्याचा जुना दोष. पुढच्या दातांत म्हणून ते टाळावं.

झिरकोनिया सरसकट एकच नसतो. जास्त मजबूत प्रकाराची वाकण्याला टक्कर देण्याची ताकद ९०० ते १२०० मेगापास्कलच्या घरात असते, पण तो खडूसारखा अपारदर्शक. पुढच्या दातांसाठीचा पारदर्शक प्रकार दिसायला सुरेख पण बराच कमी ताकदीचा. तो मागच्या ब्रिजला वापरला तर जोडावर तडकतो. दोन्हींना नाव "झिरकोनिया"च, आणि कार्डही. म्हणून एका दवाखान्याचा दर दुसऱ्याच्या निम्मा का, याचं उत्तर कधी कधी यात असतं.

लिथियम डायसिलिकेट पुढच्या दातांना सगळ्यात देखणं. ब्रिजमध्ये त्याची धाव दुसऱ्या उपदाढेपर्यंतच. शेवटच्या बुटक्या दाढेला मात्र आमचं मत बाजाराच्या उलट आहे: तिथं साधी पूर्ण धातूची कॅप सगळ्यात बरी. कमी घासावं लागतं, टवके उडत नाहीत आणि हसताना दिसतही नाही. कोणी सुचवत नाही कारण कोणी मागत नाही.

वॉरंटी कार्डाबद्दल एवढंच, की ते सहसा कॅपचा ठोकळा फुटण्याची हमी देतं. आतला दात किडणं, हिरडी सरकणं, रूट कॅनॉल पुन्हा करावं लागणं यातलं काही त्यात धरलेलं नसतं. कार्ड खरं असेल तर बरं, पण त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

ब्रिज: सगळ्यात जास्त फसतं ते इथं

समजा, खालची उजवी पहिली दाढ काढलेली आहे, म्हणजे डॉक्टरांच्या मोजणीत दात क्रमांक ४६. पुढची उपदाढ ४५ आणि मागची दाढ ४७ घासून तीन युनिटचा (दोन आधार आणि मधला खोटा दात) ब्रिज बसवतात. पैसे तिन्ही युनिटचे. दात काढल्यावर साधारण दोन-तीन महिने हाड-हिरडी बसू द्यावी. घाई केली तर मधल्या खोट्या दाताखाली फट पडते.

आधाराच्या दातांच्या मुळांचं एकूण क्षेत्रफळ गेलेल्या दातांच्या मुळांइतकं तरी हवं, हा अँटे या दंतवैद्याचा १९२६ सालचा नियम. तो तंतोतंत पाळतातच असं नाही, पण त्यामागचं शहाणपण खरं आहे. दुसरा हिशेब त्याहून कडक: मधले खोटे दात एकाचे दोन झाले तर ब्रिज दुप्पट नाही, आठपट वाकतो. जोडाची जाडी निम्मी केली तरी तेच. झिरकोनियाच्या तीन युनिटच्या मागच्या ब्रिजला जोडाचं छेदक्षेत्र निदान ९ चौ. मि.मी. लागतं. बुटक्या दातांत एवढी जागा मिळत नाही, तेव्हा लॅब गुपचूप जोड बारीक करते.

दात काढून वर्षानुवर्षं जागा तशीच ठेवली तर मागची दाढ पुढं कलते आणि समोरचा दात खाली उतरतो. कल २५ अंशांच्या वर गेला की त्या दाढेवर सरळ ब्रिज चढत नाही. ती जास्त घासावी लागते आणि नस उघडी पडते. ब्रिज ठरवण्याआधी प्रत्येक आधाराच्या दाताचा छोटा एक्स-रे हवाच: मुळाभोवती हाड किती, टोकाशी काळी गाठ आहे का, जुनं फिलिंग किती खोल. हाडातलं मूळ हाडाबाहेरच्या दाताएवढं तरी लांब असलं पाहिजे. एक्स-रे न काढता "दोन दिवसांत फिक्स दात" म्हणणाऱ्याकडून उठून यावं.

सुळा गेला असेल तर तिथला ब्रिज कुशल माणसालाच द्या. एका बाजूनं लटकता ब्रिज सुळ्याच्या आधारानं शेजारच्या छोट्या दातापुरता ठीक. दाढ तशी लटकवली तर आधाराचा दात हलू लागतो. तरुण माणसाचा पुढचा एखादाच दात गेला असेल आणि शेजारचे दात धडधाकट असतील, तर मागून एकाच पंखानं चिकटवलेला, जवळपास न घासता होणारा मेरीलँड ब्रिज विचारात घ्यावा. इम्प्लांटची (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) चर्चाही इथंच व्हायला हवी: शेजारचे दोन्ही दात निरोगी असताना ते घासून ब्रिज करणं आम्हाला पटत नाही. हाड आणि खिसा परवानगी देत असेल तर इम्प्लांट. शेजारच्या दातांना तसंही कॅपची गरज असेल तर ब्रिज.

ब्रिजचा लपलेला घात असा. एका आधारावरचं सिमेंट सुटतं, पण दुसऱ्यानं धरून ठेवल्यामुळं ब्रिज पडत नाही. आत लाळ शिरते, दात कुजतो. खूण: ब्रिज दाबला की कडेनं बुडबुडे येतात, आणि सकाळी त्या बाजूला घाण वास. धातू आणि झिरकोनिया दोन्ही एक्स-रेत पांढरे दिसत असल्यानं आतली कीड बरीच वाढेपर्यंत दिसत नाही. लगेच दाखवलं तर दात वाचतो.

नंतरची निगा

खोट्या दाताखालून रोज सुपरफ्लॉस किंवा बारीक इंटरडेंटल ब्रश फिरवायला हवा. बसवताना आरशात हे करून दाखवणारे दवाखाने थोडे आहेत. त्यांना पैकीच्या पैकी गुण. मिश्री लावणाऱ्यांनी ती सोडावी, कारण घासून घासून हिरडी सरकते, कॅपची कड उघडी पडते आणि मुळाचा मऊ भाग किडतो. ऊस दातानं सोलणं, सुपारी आणि नळीचं हाड फोडणं पुढच्या कॅपनं बंद. रात्री दात खाण्याची सवय असेल तर नाईट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं कवच) आधी, सिरॅमिक नंतर. मधुमेह ताब्यात नसेल आणि हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी त्याचा बंदोबस्त, मगच माप.

कॅप निघाली तर धुऊन डबीत ठेवा आणि एक-दोन दिवसांत दवाखाना गाठा. फेविक्विकनं चिकटवू नका: ती तिरकी बसते, मग फोडूनच काढावी लागते आणि पुन्हा वापरता येणारी कॅप कचऱ्यात जाते. गिळली गेली आणि खोकला सुरू झाला, धाप लागली, तर दातांच्या डॉक्टरकडं नाही, थेट हॉस्पिटलला.

बिलाबद्दल शेवटचं. दर युनिटप्रमाणे असतो आणि झिरकोनियाचा मेटल सिरॅमिकच्या दुपटीच्या आसपास किंवा वर जातो. रूट कॅनॉल, पोस्ट, तात्पुरती कॅप आणि एक्स-रे त्यात धरलेत की वेगळे, हे आधीच विचारा. तक्रारी बहुतेक इथूनच सुरू होतात. बहुतेक मेडिक्लेम पॉलिस्या अपघात सोडून दातांचा खर्च देत नाहीत. बिलावर दात क्रमांक, धातू किंवा झिरकोनियाचा प्रकार, लॅबचं नाव आणि बसवल्याची तारीख लिहून घ्या. "कॅप, १ नग" एवढंच लिहिलेलं बिल परत करा.